साथीचे दिवस, वृत्तपत्रे आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला आहे, ज्येष्ठांचा गौरवही झाला आहे, आणि भोजनाची पाने मांडली जाण्यापूर्वीचा थोडासा अवकाश आमच्या वाट्यास आला आहे. चिटणीसांनी 'काहीतरी उपयुक्त बोला' अशी आज्ञा केली. आम्ही पत्रकार नव्हे, वैद्य नव्हे, विद्वान तर नव्हेच नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे उभी हयात प्राथमिक शाळेत खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविलेले आम्ही एक सामान्य मास्तर. परंतु वर्तमानपत्र वाचण्याची सवय आम्हांस वडिलांपासून लागली व ती अद्याप सुटलेली नाही. त्या भांडवलावरच आज आपणांसमोर उभे राहण्याचे धाडस करीत आहो.

विषय असा की, साथीच्या रोगाने सर्वत्र हाहाकार माजलेला असताना वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्या अधिकाऱ्यांना पुरेशा खंबीरपणे जाब विचारतात काय? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात निघाला होता. वडीलधारी मंडळी म्हणत, 'घराला आग लागली असता पाणी ओतणाऱ्याचा हात धरू नये. आधी संकट टळू द्या, मग हिशेब मागा.' तरुण मंडळी म्हणत, 'सगळी वर्तमानपत्रे विकली गेली आहेत, कोणी काही विचारीतच नाही.' आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही मतांत थोडे सत्य आहे आणि दोन्ही मते अपुरी आहेत.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या मताचा विचार करू. आम्ही छत्तीस वर्षे परीक्षेचे पेपर तपासले. विद्यार्थी कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचा पेपर त्यालाच तपासावयास द्यावा असे कोणत्याही शाळेने आजवर ठरविलेले नाही. तो लबाड आहे म्हणून नव्हे, तर स्वतःची चूक स्वतःस दिसत नाही म्हणून. साथीच्या काळात रोगी किती, मेले किती, खाटा किती, प्राणवायू किती, हे सांगणारे खाते आणि त्याबद्दल जबाबदार असणारे खाते एकच असते. तेव्हा दुसऱ्या कोणी तरी तो पेपर तपासला पाहिजे, आणि तोही परीक्षा चालू असतानाच. कारण या परीक्षेत निकाल लागतो तो माणसांच्या प्राणांचा. आग विझविणाऱ्याचा हात धरू नये हे खरे. पण तो चुकीच्या घरावर पाणी ओतीत असेल, तर त्यास हाक मारावयास नको काय?

आता थोडे मागे जाऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. त्या रोगास तेव्हाचे मराठी लेखक 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत. पुढील वर्षाच्या आरंभी रोग पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. आणि त्यातील चौथे कलम असे की, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. बंधुभगिनींनो, हाच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा अमलात आणण्यात आला, हे लक्षात ठेवावे. ज्या कायद्याने न्यायालयाचे दार बहुतांशी लावून घेतले, त्या कायद्यापुढे प्रश्न विचारण्यास एक वर्तमानपत्राची खिडकीच काय ती उरते.

पुण्यास प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. मार्च १८९७ पासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी शोधू लागल्या. रोग्यांस रुग्णालयात व घरच्यांस गावाबाहेरच्या छावणीत नेण्यात येई, सामानसुमान जाळण्यात येई. देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाही. या वेळी लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने काय केले, हे नीट पाहण्याजोगे आहे. रोग नाहीच, किंवा उपाय नकोतच, असे त्यांनी म्हटले नाही. उलट गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना त्यांनी दोष दिला, स्वतः शहरात राहिले आणि लोकांसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उघडण्यात पुढाकार घेतला. त्यांचा प्रश्न एवढाच होता की, हेच उपाय लोकांस विश्वासात घेऊन, माणुसकीने करता येणार नाहीत काय? प्रश्नास उत्तर मिळाले नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावले. त्यानंतर त्याच महिन्यात टिळकांस अटक झाली व राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटला शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर उभा केला गेला होता, तथापि सरकारचा रोष कशाने वाढला होता हे सर्वांस ठाऊक होते. जेथे प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तेथे मनात साचलेला संताप कोणती वाट घेईल हे सांगता येत नाही, हा त्यातील पहिला धडा.

दुसरा धडा त्याच वर्षीचा, पण निराळा. नामदार गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रातून जाहीर केले. सरकारने पुरावा मागितला. माहिती देणारे पुढे येण्यास तयार नव्हते, आणि गोखल्यांना परत आल्यावर बिनशर्त माफी मागावी लागली. त्यावरून त्यांच्यावर स्वकीयांनीही टीकेची झोड उठविली. वस्तुतः पुणेकरांच्या तक्रारी निराधार होत्या असे नव्हे. पण पुराव्यावाचून केलेल्या एका आरोपामुळे खऱ्या तक्रारींचेही वजन कमी झाले, आणि अधिकाऱ्यांना सुटकेचा मार्ग सापडला. जाब विचारणाऱ्याच्या हाती आधी वही असावी आणि मग तोंडात शब्द यावा, हे त्यावरून शिकावे.

जेथे कोणीच विचारले नाही तेथे काय घडले, याचेही उदाहरण पाहू. १९१८ च्या महायुद्धात इन्फ्लुएंझाची साथ जगभर पसरली. लढणाऱ्या राष्ट्रांत वृत्तपत्रांवर बंधने होती. स्पेन युद्धात नव्हते, म्हणून तेथील पत्रांनी साथीच्या बातम्या उघडपणे छापल्या. आणि परिणाम असा झाला की, खरे बोलणाऱ्याच्याच नावाने रोग ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघावयाची होती. ती थांबवावी असे तेथील काही डॉक्टर सांगत होते. त्यांचे इशारे छापण्यास संपादक राजी झाले नाहीत, आणि आरोग्याधिकाऱ्यांनी परवानगी मागे घेतली नाही. सुमारे २ लाख माणसे रस्त्यावर आली. तीनच दिवसांत रुग्णालये भरून गेली, आणि पुढील काही आठवड्यांत त्या एका शहरात सुमारे १२ हजार माणसे दगावली. संपादकांचा हेतू वाईट नव्हता. लोकांत घबराट होऊ नये असेच त्यांस वाटत होते. पण घबराट टाळण्यासाठी पाळलेले मौन हे कित्येकदा रोगाहून घातक ठरते.

आता आपल्या डोळ्यांदेखतच्या काळाकडे येऊ. ३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, स्थलांतरित मजुरांसंबंधीच्या प्रकरणात, महासाथीविषयीच्या मोकळ्या चर्चेस आपण प्रतिबंध करीत नाही असे सांगूनच वृत्तमाध्यमांना घडामोडींची अधिकृत बाजू प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. अधिकृत बाजू छापणे योग्यच आहे. परंतु पुष्कळ पत्रांनी आणि वाहिन्यांनी अधिकृत बाजू म्हणजेच बातमी असा सोयीस्कर अर्थ लावला. रोज सायंकाळी आकडे यावेत, सकाळी ते जसेच्या तसे छापावेत, आणि पुढच्या सायंकाळी नवे आकडे यावेत, असा क्रम सुरू झाला. ही बातमीदारी नव्हे, ही नक्कल उतरविणे होय. आणि नक्कल करणाऱ्यास आम्ही वर्गात गुण देत नसू.

याहून वाईट प्रकार असा की, काहींनी कठोर प्रश्न विचारले, पण ते भलत्यालाच. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या एका धार्मिक मेळाव्यावरून रात्रंदिवस गर्जना चालल्या, आणि एका संपूर्ण समाजाकडे रोगाचे मूळ म्हणून बोट दाखविले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्यास आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी चालविलेल्या प्रचारावर ताशेरे ओढले. आपणही एक लहान ज्ञातिसमाज आहोत. उद्या कोणत्या रोगाचे खापर कोणाच्या माथी फुटेल हे सांगता येत नाही. तेव्हा सत्तावंतापुढे मऊ आणि दुबळ्यापुढे कठोर अशा प्रश्नास आपण धैर्य म्हणू नये.

तथापि सगळेच असे वागले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मृत्यूंच्या नोंदीविषयी वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष प्रश्न करीत असता, १६ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने पूर्वी यादीत न आलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत घेतले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईचे होते. चूक दुरुस्त करणे ही नामुष्की नव्हे. पण दुरुस्तीला कोणी तरी पेपर परत तपासावयास लावावे लागते. गुजरातेत 'संदेश' या पत्राच्या बातमीदारांनी तर आकड्यांवर विसंबणेच सोडून दिले. एप्रिल २०२१ मध्ये एका रात्री ते अहमदाबादेतील २१ स्मशानांत फिरले आणि त्यांनी स्वतः प्रेते मोजली. त्यांची गणती २०० च्या वर गेली. शहराचा अधिकृत आकडा मात्र २५ होता. त्या बातमीत ना शिवीगाळ होती, ना आरडाओरड. होती ती केवळ बेरीज. आणि तिच्याइतका कठोर प्रश्न दुसरा नव्हता.

पुढे काय उघडकीस आले? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये साहाय्य देण्यास मान्यता दिली, आणि दाखल्यावर कोविड असे लिहिलेले नाही एवढ्याच कारणावरून कोणाचा अर्ज नाकारू नये असे बजावले. २०२२ च्या आरंभी न्यायालयापुढे आलेल्या माहितीप्रमाणे गुजरातेतील अधिकृत मृत्यू सुमारे १० हजार होते, आणि मंजूर झालेले अर्ज ६८ हजारांहून अधिक. साहाय्यासाठी मृत्यूची व्याख्या अधिक व्यापक होती हे खरे. तरी एवढे अंतर केवळ व्याख्येने भरून निघत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज वर्तविला. भारत सरकारने त्या गणनापद्धतीस हरकत घेतली. त्यानंतर मे २०२५ मध्ये सरकारच्याच जन्ममृत्यू नोंदणीचे २०२१ सालचे आकडे प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये नोंदलेले मृत्यू सुमारे ८१ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ; त्या वर्षीचे कोविडचे अधिकृत मृत्यू मात्र सुमारे ३ लाख ३२ हजार. वाढलेला प्रत्येक मृत्यू त्याच रोगाचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण हा प्रश्न चार वर्षे उशिरा उघडला गेला, हे कोणासही नाकारता येणार नाही.

तेव्हा आमचे उत्तर असे: आपल्या वृत्तपत्रांनी पुरेसा जाब विचारला नाही, ज्यांनी विचारला ते थोडे होते, आणि त्यांनी तो आवाज चढवून नव्हे, तर मोजून विचारला.

येथे भाषण संपविले असते, तर टाळ्या घेऊन आम्ही खाली बसलो असतो. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्या मनाचे समाधान होणार नाही. २०२१ सालच्या आपल्या स्मरणिकेचे संपादन आमच्याकडे होते. एरवी एका पानात मावणारी 'भावपूर्ण श्रद्धांजली' त्या वर्षी चार पानांवर गेली. घरोघर दूरध्वनी करून आम्ही माहिती गोळा केली. कोण कशाने गेले हे आम्हांस ठाऊक होते. पण कोणी म्हणे, शेजारी वाळीत टाकतील. कोणी म्हणे, मुलीचे लग्न ठरावयाचे आहे. कोणी म्हणे, आता लिहून काय उपयोग? आणि आम्ही प्रत्येक नावापुढे एकच शब्द छापीत गेलो: 'अल्पशा आजाराने'. चार पाने, आणि प्रत्येक ओळीस तोच अल्पसा आजार.

त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या ज्ञातीतील एक भगिनी साहाय्याचा अर्ज भरून घेण्यासाठी आमच्याकडे आली. तिचे यजमान एप्रिलमध्ये गेले. रुग्णालयाच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच होते, आणि चाचणीचा कागद धावपळीत हरवला होता. तिने कागदपत्रांच्या पिशवीतून आपली स्मरणिका काढली. छापलेले आहे म्हणजे पुरावा होईल, अशी त्या माउलीची समजूत. पान उघडून तिने आमच्यापुढे धरले. यजमानांच्या छायाचित्राखाली आमचीच ओळ होती: 'अल्पशा आजाराने'. बंधुभगिनींनो, उभ्या आयुष्यात आम्ही विद्यार्थ्यांच्या हजारो चुका लाल शाईने दाखविल्या असतील, पण त्या दिवशी आमचाच पेपर आमच्यापुढे आला होता. पुढे तिच्या भाच्याने प्रयोगशाळेत खेटे घालून चाचणीचा अहवाल मिळविला आणि अर्ज मंजूर झाला. आमच्या छापील ओळीचा मात्र तिला काडीचाही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून वर्तमानपत्रवाल्यांना नावे ठेवताना आमची जीभ थोडी अडखळते. बातमीदार विचारावयास निघाला, तर त्यास सांगणारे कोणी हवे. गोखल्यांस पत्रे लिहिणारे ऐन वेळी पुढे आले नाहीत. आपणही आलो नसतो. शासनाने आकडा लपविला असेल तर तो निषेधार्हच आहे, पण घराघरांतून लपविलेल्या आकड्यांनीही त्या पापास हातभार लावला. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदातून रोग येतो या भीतीने २०२० च्या वसंतात आपल्यापैकी कित्येकांनी पत्र बंद केले, ते पुन्हा सुरू केलेच नाही. त्याच वर्षी किती तरी बातमीदारांच्या नोकऱ्या गेल्या, पगार कापले गेले, काही जण वार्तांकन करता करता याच रोगाने गेले. वाचकाचा पैसा आटला की पत्रास सरकारी जाहिरातीचाच आधार उरतो. आणि ज्याच्या पानात जेवावयाचे, त्यास जाब विचारणे कोणासही जड जाते.

म्हणून जाता जाता तीन गोष्टी विनंतीपूर्वक सुचवितो. पहिली, प्रत्येक घरात पैसे देऊन घेतलेले एक तरी वर्तमानपत्र असावे. आणि एखाद्या पत्राने आपल्या गावचा अप्रिय पण खरा प्रश्न छापला, तर संपादकास दोन ओळींचे पत्र आपण आवर्जून लिहावे. तक्रारीची पत्रे त्यांना भरपूर येतात, पाठ थोपटणारी क्वचित. दुसरी, मृत्यूचा दाखला हाती येताच कारण वाचून पाहावे, आणि ते चूक असेल तर दुःख आवरून तेथेच दुरुस्त करून घ्यावे. तो केवळ कागद नव्हे, ती देशाच्या बेरजेतील एक ओळ आहे. तिसरी गोष्ट आपल्या मंडळाची. आमची कार्यकारिणीस प्रार्थना आहे की, २०२१ च्या त्या चार पानांचे शुद्धिपत्र पुढील स्मरणिकेत छापावे. ज्या कुटुंबांची संमती असेल, त्यांच्याच बाबतीत, पण खऱ्या कारणासह. आमची चूक आम्ही आमच्या नावाने कबूल करू. ती भगिनी आज या सभागृहात आहे. तिची संमती आम्हांस सर्वांत आधी मिळाली आहे.

दुसऱ्याला कठोर प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवावयाचा, तर आपली वही आधी स्वच्छ असली पाहिजे. हे आम्ही मुलांस छत्तीस वर्षे शिकविले, आणि स्वतः फार उशिरा शिकलो.